आरपीएम स्थिर राहत नाही : प्रॉपेलर गव्हर्नर उतरवण्याआधी काय तपासायचे

क्रूझमध्ये प्रॉपेलरचा लिव्हर २४०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) लावला, हात काढला, तरी काटा २३७० ते २४३० च्या मध्ये डोलत राहतो. किंवा टेकऑफला २७०० मिळायला हवेत आणि काटा २६२० वरच अडतो. लॉगबुकात अशी नोंद पडली की पहिला संशय गव्हर्नरवर, म्हणजे ऑइलच्या दाबाने पाती वळवून आरपीएम ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या उपकरणावर, जातो. तो उतरवला जातो, ओव्हरहॉल होऊन येतो, पुन्हा बसतो, आणि दोन उड्डाणांनंतर तीच नोंद पुन्हा लिहिली जाते. बहुतेक वेळा दोष गव्हर्नरच्या आत नसतोच. तो टॅकोमीटरमध्ये (आरपीएम दाखवणारे मीटर), कंट्रोल केबलमध्ये, ऑइलमध्ये किंवा गव्हर्नरपासून प्रॉपेलरपर्यंत ऑइल नेणाऱ्या वाटेत असतो. साप समजून भुई धोपटायची नसेल, तर क्रमाने जावे लागते.

इथला क्रम एका पिस्टन इंजिनाच्या, कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर असलेल्या विमानांसाठी आहे : पायपर ॲरो, सेसना १८२, लायकोमिंग आयओ-३६० इंजिनाची डायमंड डीए४० वगैरे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, इंजिन उघडायला लावणाऱ्या शेवटी. पहिल्या तीन गोष्टी पायलट स्वतः पाहू शकतो. हातात पाना आला की ते काम परवानाधारक एएमईचे (विमान देखभाल अभियंत्याचे), आणि त्याची लॉगबुकात सही झालीच पाहिजे.

लक्षण नेमके कोणते?

"आरपीएम बरोबर नाही" एवढ्या नोंदीवरून काहीही शोधता येत नाही. खालीलपैकी काय होते आहे ते लिहा. सोबत ऑइलचे तापमान, दाब, मॅनिफोल्ड प्रेशर आणि वेग हे चारही आकडे लिहा.

– आरपीएम ठरावीक लयीत वर-खाली होतो आणि थांबतच नाही. याला हंटिंग म्हणतात.
– लिव्हर किंवा थ्रॉटल हलवल्यावर आरपीएम एकदम उसळतो, एक-दोन हेलकाव्यांत शांत होतो. हे सर्जिंग. याचे सर्वांत साधे कारण प्रॉपेलरच्या सिलिंडरमध्ये अडकलेली हवा.
– पूर्ण पुढे लिव्हर असूनही लाल रेषेपर्यंत (टॅकोमीटरवरची कमाल मर्यादा) आरपीएम जात नाही.
– टेकऑफला आरपीएम लाल रेषा ओलांडतो.
– लिव्हर मागे घेतला तरी आरपीएम सावकाश उतरतो, किंवा उतरतच नाही.
– सकाळी सगळे ठीक, तासाभराच्या उड्डाणानंतर ऑइल तापले की आरपीएम डगमगतो.
– गव्हर्नरच्या बुडाशी किंवा प्रॉपेलरच्या हबभोवती ऑइल.

शेवटून दुसरे लक्षण, म्हणजे थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर खराब, हे सर्वांत बोलके आहे. ते असेल तर नोंदीत ठळक लिहा. पुढे त्यावरूनच मोठा निर्णय होतो.

आत काय चालते, थोडक्यात

गव्हर्नरमध्ये एक लहान गिअर पंप असतो. इंजिनाचे ऑइल त्याच्याकडे साधारण ६० ते ९० पीएसआय दाबाने येते आणि तो ते ३०० पीएसआयच्या आसपास नेतो. वर फ्लायवेट फिरतात. त्यांना दाबून धरायला स्पीडर स्प्रिंग असते, आणि कॉकपिटमधला लिव्हर याच स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करतो. इंजिन ठरवलेल्या गतीपेक्षा जोरात फिरले की फ्लायवेट बाहेर फाकतात, पायलट व्हॉल्व्ह उचलला जातो, दाबाचे ऑइल प्रॉपेलरकडे जाते, पाती जाड पिचवर (मोठ्या कोनात) वळतात, इंजिनावर भार येतो आणि गती उतरते. गती कमी पडली की उलट : स्प्रिंग जिंकते, व्हॉल्व्ह खाली येतो, प्रॉपेलरमधले ऑइल परत इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत निघते आणि पाती बारीक पिचकडे (लहान कोनाकडे) जातात.

यातून लक्षात ठेवायचे ते एकच. एका इंजिनाच्या अशा विमानात ऑइलचा दाब गेला की पाती बारीक पिचवर जातात आणि इंजिन पळत सुटते. दोन इंजिनांच्या, फेदर होणाऱ्या प्रॉपेलरमध्ये नेमके उलट होते : ऑइल गेले की पाती फेदरकडे, म्हणजे वाऱ्याला कडा देऊन उभ्या राहण्याकडे, जातात. म्हणून सेनेका किंवा डीए४२ वर शिकलेला निष्कर्ष ॲरोवर लावू नका.

१. ऑइल

पातळी पाहा, ग्रेड पाहा, शेवटचे ऑइल कधी बदलले ते पाहा. गव्हर्नरला स्वतःचे ऑइल नसते, तो इंजिनाचेच वापरतो. पातळी फार खाली असेल तर वळणात किंवा चढाईत पंपाला हवा ओढली जाते, आणि हवा दबते म्हणून आरपीएम हेलकावे खातो.

डिसेंबरच्या सकाळी गोंदिया, नाशिक किंवा धुळ्याकडे एक-ग्रेडचे घट्ट ऑइल असलेल्या विमानात पहिल्या रन-अपला प्रॉपेलर आळसटलेला वाटणे हा दोष नाही. ऑइलचे तापमान हिरव्या पट्ट्यात येऊ द्या. मग विमानाच्या पुस्तकात दिलेल्या गतीवर (बहुतेक विमानांत १७०० ते २००० आरपीएम) लिव्हर मागे घेऊन ३०० ते ५०० आरपीएमची घसरण दिसली की लगेच पुढे. असे तीन वेळा. पहिल्या वेळी उशीर, तिसऱ्या वेळी चटकन, असे झाले तर हबमधले थंड ऑइल निघून गरम आले एवढाच त्याचा अर्थ. सर्जिंगची तक्रारही पुष्कळदा इथेच संपते, कारण याच फेऱ्यांत अडकलेली हवा बाहेर पडते. प्रॉपेलर नुकताच काढून बसवला असेल तर हे आवर्जून करा.

लायकोमिंगचे सांगणे असे : फुल-फ्लो फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी ४ महिन्यांनी बदलायचे. ही ४ महिन्यांची अट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. जूनमध्ये हँगरमध्ये लावलेले विमान ऑक्टोबरमध्ये बाहेर येते तेव्हा नेमका पावसाळा जुन्या, ओल धरलेल्या ऑइलवर गेलेला असतो. पायलट व्हॉल्व्ह आणि त्याची बाही यांच्यातली फट अतिशय बारीक असते. गंजाचा किंवा गाळाचा कण तिथे अडकायला मोठा असावा लागत नाही.

२. टॅकोमीटर

काटा डोलतो आहे, पण इंजिनाचा आवाज एकसुरी आहे का? कान लावून ऐका. आवाज स्थिर असेल तर डोलतो आहे तो काटाच. केबलवर चालणाऱ्या टॅकोमीटरची केबल कोरडी पडली किंवा तिला तीव्र वळण बसले की काटा थरथरतो.

अशा जुन्या टॅकोमीटरचे चुंबक वर्षांनुवर्षे कमजोर होत जाते आणि तो कमी दाखवू लागतो. धोका यात आहे. काटा २६४० दाखवतो म्हणून कोणी गव्हर्नरचा स्क्रू फिरवून तो २७०० वर आणतो, आणि इंजिन प्रत्यक्षात २७६० वर पळू लागते. रोज, प्रत्येक टेकऑफला. म्हणून हातात धरायच्या ऑप्टिकल टॅकोमीटरने पडताळल्याशिवाय गव्हर्नरच्या कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही. त्या उपकरणावर पात्यांची संख्या बरोबर निवडा. तीन पात्यांच्या प्रॉपेलरवर ते दोनवर ठेवले तर आकडा दीडपट येतो. माप मोकळ्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली ते फसते. १८००, २२०० आणि २५०० अशा तीन ठिकाणी तुलना करून फरक लिहून ठेवा.

३. जमिनीवरच्या दोन चाचण्या

विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, चाकांना ठोकळे, पुढे-मागे माणूस नाही, खाली खडी नाही. या दोन चाचण्यांना खर्च शून्य, आणि निम्मे संशयित इथेच गळतात.

पहिली : लिव्हर पूर्ण पुढे, थ्रॉटलने १५०० आरपीएम. या गतीला पाती बारीक पिचच्या थांब्यावर टेकलेली असतात, गव्हर्नर कामावर आलेलाच नसतो, प्रॉपेलर फिक्स्ड पिचसारखा वागतो. इथेही आरपीएम डोलत असेल तर गव्हर्नर निर्दोष आहे. मॅग्नेटो, प्लग, इंजेक्टर, मिश्रण, इनटेकची गळती यांच्याकडे वळा.

दुसरी चाचणी पूर्ण आरपीएम मिळत नाही या तक्रारीसाठी. लिव्हर पूर्ण पुढे, थ्रॉटल पूर्ण, आकडा वाचा. मग लिव्हर अगदी हळू मागे घ्या. लिव्हर जागेवरून सुटताक्षणी आरपीएम उतरू लागला, तर गव्हर्नरच त्या आकड्यावर इंजिनाला धरून होता : त्याचा वरचा थांबा खाली लागलेला आहे किंवा लिव्हर थांब्यापर्यंत पोचत नाही. लिव्हर बराच मागे येईपर्यंत आरपीएम जागचा हललाच नाही, तर गव्हर्नर अजून मध्ये पडलेला नव्हता. तेव्हा कारण इंजिनाची ताकद किंवा प्रॉपेलरचा बारीक पिचचा थांबा. पूर्ण थ्रॉटलवर जास्त वेळ थांबू नका. जमिनीवर सिलिंडरना थंड ठेवायला पुरेशी हवा मिळत नाही.

विमान उभे असताना लाल रेषेपेक्षा थोडा कमी आरपीएम मिळणे पुष्कळ विमानांत ठरवूनच ठेवलेले असते. पुण्यासारख्या सुमारे १९०० फूट उंचीच्या धावपट्टीवर मे महिन्याच्या दुपारी तो आणखी थोडा कमी येतो. मर्यादा पुस्तकात असते, त्याच्याशी ताडा. धावताना वेग आल्यावर काटा लाल रेषेवर जाऊन थांबत असेल तर गव्हर्नर आपले काम चोख करतो आहे.

४. केबल आणि लिव्हर

इथून पुढे काउलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडायचे आणि एएमईला बोलवायचे. या तक्रारीत सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो याच ठिकाणी.

एकाने कॉकपिटमधला लिव्हर पूर्ण पुढे ढकलायचा, दुसऱ्याने गव्हर्नरपाशी पाहायचे. गव्हर्नरचा हात (केबल जोडलेली दांडी) वरच्या आरपीएमच्या स्क्रूला खरोखर टेकला पाहिजे. त्याच वेळी कॉकपिटमध्ये लिव्हर किंवा मूठ पॅनेलला जाऊन भिडता कामा नये. एक अष्टमांश ते पाव इंच जागा शिल्लक हवी. पूर्ण ताकदीवर इंजिन आपल्या रबरी माउंटांवर पिळले जाते, केबलची लांबी तेवढ्यापुरती बदलते, आणि ही शिल्लक नसेल तर हात थांब्यापासून सुटतो. जमिनीवर टेकलेला दिसलेला हात हवेत टेकत नाही, तो असा. जुन्या विमानांत माउंट खाली बसल्यानेही हेच होते.

मग केबलच्या बाहेरच्या नळीवर बोट ठेवा आणि लिव्हर पुढे-मागे करायला सांगा. फक्त आतली तार सरकली पाहिजे. क्लॅम्पपाशी नळीसुद्धा सरकत असेल तर तिथे घासून चकाकलेला पट्टा दिसतो, आणि क्लॅम्पचे रबर काळ्या पावडरीसारखे झालेले असते. ही दोन-तीन मिलिमीटरची सरक कॉकपिटमध्ये कळत नाही, पण आरपीएममध्ये स्पष्ट उतरते. रॉड-एंड हाताने हलवून खेळ पाहा, कॉटर पिन जागेवर आहे ना पाहा. केबल गव्हर्नरपासून सोडवून हात बोटाने फिरवा. तो पूर्ण टप्प्यात सहज फिरला पाहिजे. केबल सोडल्यावर जडपणा गेला तर केबल बदला. हातच अडखळत असेल तर गव्हर्नर वर्कशॉपला.

५. वरच्या आरपीएमचा स्क्रू

टॅकोमीटर पडताळला आहे, हात टेकतो आहे, दुसऱ्या चाचणीत गव्हर्नरच धरून आहे असे ठरले आहे, या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच इथे या. बहुतेक गव्हर्नरांत स्क्रूचा एक पूर्ण फेरा साधारण २० ते २५ आरपीएम बदलतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. स्क्रू आत गेला की आरपीएम कमी, बाहेर आला की जास्त. अर्धा फेरा, लॉकनट, चाचणी, असे पुढे जा. शेवटी लॉकवायर. ८० आरपीएमची तूट भरायला तीन-चार फेरे लागणार असे दिसले तर थांबा. ज्या स्क्रूची जागा वर्कशॉपने बेंचवर ठरवून दिली होती तो एवढा आपोआप ढळत नाही. कारण दुसरीकडे आहे.

६. बाहेरची गळती

भाग पुसून कोरडा करा, पाच मिनिटे इंजिन चालवा, बंद करून टॉर्चने पाहा. धूळ चिकटलेल्या जुन्या ऑइलवरून उगम कधीच कळत नाही.

गव्हर्नरच्या बुडातून येत असेल तर गॅस्केट. हाताच्या शाफ्टमधून येत असेल तर आतली सील, म्हणजे वर्कशॉप. गव्हर्नर इंजिनाच्या मागे बसवलेल्या लायकोमिंगवर बाहेरून पुढे जाणारी ऑइलची नळी असते. तिच्यासाठी ९०-०४-०६ हा अमेरिकी एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह आहे, कारण ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि जोड गळण्याचा, तुटण्याचा धोका होता. नळी स्टीलची आहे आणि तशी नोंद लॉगबुकात आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहाच. ही नळी उड्डाणात तुटली तर प्रॉपेलरचा ताबाही जातो आणि इंजिनाचे ऑइलही.

हबभोवती लाल रंगाचे ऑइल दिसले तर विमान तिथेच उभे करा. मॅकॉलीच्या काही हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचे ऑइल भरलेले असते, भेग गेली तर दिसावी म्हणून. "पुसून पुढच्या तपासणीला बघू" असे इथे चालत नाही.

७. गॅस्केटची जाळी आणि गाळ

गव्हर्नर आता उतरवायचा, पण अजून वर्कशॉपला पाठवायचा नाही. बुडाच्या गॅस्केटमध्येच बारीक जाळी असते. ती भिंगाखाली पाहा. काळे कार्बनचे तुकडे, सीलंटचे लिबलिबीत कण, चमकणारा धातू, यांपैकी काय आहे यावर पुढचे ठरते. सीलंट दिसला तर आधी कोणीतरी गॅस्केटला तो लावला होता. इथे सीलंट कधीच लावायचा नाही, त्याचेच तुकडे सुटून वाट अडवतात. धातू दिसला तर फिल्टर कापून पाहा. इंजिनात धातू सुटला असेल तर नुसते इंजिन दुरुस्त करून भागत नाही : गव्हर्नर आणि प्रॉपेलर दोन्ही उघडून साफ व्हायला हवेत, नाहीतर नव्या इंजिनावर जुना कण व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

१०० एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते. ज्वलनातून ऑइलमध्ये उतरलेला त्याचा गाळ पोकळ क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला आणि प्रॉपेलरच्या सिलिंडरमध्ये फिरण्याच्या जोराने भिंतीवर थापला जातो, घट्ट राखाडी लोण्यासारखा. लिव्हरला उशिरा प्रतिसाद मिळण्याचे हे जुने, ठरलेले कारण आहे. साफ करायला प्रॉपेलर उतरवावा लागतो.

परत बसवताना गॅस्केट नवेच. जाळीच्या उंचवट्याची बाजू मॅन्युअलप्रमाणे. दाते जुळत नसतील तर नट आवळून गव्हर्नर ओढून बसवू नका, शाफ्ट किंवा ड्राइव्ह दुखावतो. मॅग्नेटो बंद आणि ग्राउंड असल्याची खात्री करून प्रॉपेलर किंचित फिरवा, दाते आपोआप बसतात.

८. गरम झाल्यावरच येणारा दोष

थंड असताना उत्तम, ऑइल तापून पातळ झाल्यावर हंटिंग, किंवा क्रूझमध्ये आरपीएम हळूहळू वर सरकणे, आणि हे कमी आरपीएमवर जास्त. वरचे सगळे स्वच्छ निघाले असेल तर गव्हर्नर पाठवतो तेवढे ऑइल वाटेत गळते आहे. ते स्थिर इंजिनातून फिरत्या क्रँकशाफ्टमध्ये पुढच्या बेअरिंगपाशी जाते. तिथली झीज वाढली, किंवा क्रँकशाफ्टमधले बूच गळू लागले, की पंप कमी पडतो. नवा गव्हर्नर थोडा जास्त पंप करतो म्हणून पंधरा-वीस तास बरे वाटते, मग पुन्हा तेच. दोन गव्हर्नर बदलून तक्रार कायम असलेली विमाने बहुधा याच गटातली असतात.

तपासायला गव्हर्नरच्या जागी ॲडॉप्टर लावून ऑइलच्या वाटेत हवेचा दाब देतात आणि किती गळते ते मोजतात. मर्यादा इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकात. नापास झाले तर इंजिन उघडणे हाच उपाय. हे इंजिन वर्कशॉपचे काम आहे.

९. गव्हर्नर स्वतः

इथवर येऊनही दोष राहिला तर आता तो खुशाल पाठवा. हँगरमध्ये उघडू नका. पायलट व्हॉल्व्हला पॉलिश पेपर लावून "मोकळा" करण्याचा प्रकार म्हणजे ती बारीक फट कायमची बिघडवणे. पंपाची क्षमता, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब, आतली गळती हे टेस्ट बेंचवरच कळते. सीएआर-१४५ (विमान दुरुस्ती संस्थांचा नियम) मान्यता असलेल्या वर्कशॉपला पाठवताना इंजिन आणि प्रॉपेलरचे मॉडेल, लक्षण थंड की गरम, आणि वरच्या आठ तपासण्यांचे निष्कर्ष सोबत द्या. परत येताना सीए फॉर्म १, म्हणजे भाग वापरण्यायोग्य असल्याचा दाखला, मागून घ्या. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा : बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गव्हर्नरांत फिरण्याची दिशा आणि सेटिंग वेगळे असते, आणि उलट्या दिशेचा गव्हर्नर ऑइल पंपच करत नाही.

लगेच थांबायचे केव्हा

आरपीएमने लाल रेषा ओलांडली, लिव्हरला प्रतिसादच नाही, फिल्टरमध्ये धातू, लाल ऑइल, अचानक मोठी गळती किंवा नवे कंपन : यांपैकी एकही असेल तर पुढची तपासणी स्वतः करू नका आणि "एकदा हवेत जाऊन बघू" असेही नाही. हवेतच ओव्हरस्पीड झाला तर थ्रॉटल कमी, नाक वर करून वेग कमी, पुढे विमानाच्या पुस्तकातली कृती, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. उतरल्यावर सर्वाधिक आरपीएम आणि तो किती सेकंद राहिला ते दोन आकडे एएमईला सांगा. लायकोमिंगचे ३६९ क्रमांकाचे सर्व्हिस बुलेटिन आणि प्रॉपेलर बनवणाऱ्याच्या मर्यादा या दोन आकड्यांवरच तपासणी ठरवतात. आकडा कमी करून सांगितला तर व्हायला हवी ती तपासणी होत नाही.

दुरुस्तीनंतर काउलिंग न लावता इंजिन चालवा, प्रॉपेलरचा लिव्हर तीनदा मागे-पुढे करा, बंद करून गव्हर्नरचे बूड आणि नळीचे जोड पाहा. मग धावपट्टीजवळच राहून चढाईत लाल रेषा आणि क्रूझमध्ये दोन वेगवेगळ्या आरपीएमवर पाच-पाच मिनिटे, तेही ऑइल पूर्ण तापल्यावर. उतरल्यावर काउलिंग पुन्हा उघडून तेच जोड एकदा बघायचे.